आवाज जवळ हवा

लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती. एक माणूस होता, तोही अर्धाच. आमच्या मजल्याच्या फरशीवर त्याची छाती, खांदे आणि डोकं तेवढं दिसत होतं.

मी दचकून दोन पावलं मागे गेले.

"घाबरू नका," तो अर्धा माणूस म्हणाला. "मी लिफ्टच्या टपावर उभा आहे. काम चालू आहे. पाटी लावली होती बाहेर."

पाटी होती. मी वाचली नव्हती. रागात असले की मी काहीच वाचत नाही, आणि त्या दुपारी मी चांगलीच रागात होते.

"मला खाली जायचंय," मी म्हटलं.

"खाली जायचंय," तो म्हणाला. मग जरा थांबून — "जिना आहे ना."

"जिना माहितेय मला. किती वेळ लागेल ते सांगा."

"किती वेळ लागेल… अर्धा तास."

"तुम्ही माझंच वाक्य मला परत का देताय?"

तो हसला. त्याच्या डाव्या भुवईला ग्रीसचा पट्टा लागला होता, हसताना तोही वर गेला. "सवय हो. आम्ही दोघं असतो कामाला. एक जण टपावर, एक जण वर मशीनपाशी. एकाने सांगितलेलं दुसऱ्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय कोणी काही हलवत नाही. नाहीतर हात जातो."

"माझ्यामुळे काही तुमचा हात जाणार नाही."

"हात जाणार नाही," तो म्हणाला, माझ्याकडे नीट बघत. "…बघू."

आता ह्या 'बघू'चं काय करायचं ते मला कळेना. चार जिने उतरायचा कंटाळा तर होताच. मी हातातलं पाकीट पुढे केलं. "तुम्ही खाली जाणारच आहात, तर हे मॅनेजरांच्या टपालपेटीत टाकाल?"

त्याने दोन्ही हात पँटला पुसले, पाकीट कोपऱ्याला धरून घेतलं. "पाकीट. मॅनेजरांची पेटी." आणि दार बंद झालं.

त्या संध्याकाळी मी विनाकारण खुशीत होते. ज्या आत्याकडे मी राहते ती शेवटी म्हणाली, "आज दिवसभरात कोणावर ओरडली नाहीस. बरी आहेस ना?"

आता पाकिटात काय होतं ते सांगते. तक्रार. जिन्यातला दिवा, गळका पाइप, कोणाची तरी पायरीवर ठेवलेली सायकल, मी कशाकशावर तक्रारी लिहिल्यात याची मोजदाद आत्यानेही सोडून दिलीय. पण ही मात्र अगदी पोटतिडकीने लिहिलेली होती. माझं काम ऐकण्याचं आहे. लोकांच्या बैठका, मुलाखती, डॉक्टरांच्या नोंदी रेकॉर्ड होऊन येतात, मी हेडफोन लावून त्या ऐकते आणि टाइप करते. माझं टेबल ज्या भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडे दोन महिन्यांपूर्वी कोणी मायलेक राहायला आले होते. मुलगा मी उठायच्या आत कामाला जायचा, त्यामुळे तो मी पाहिला नव्हता. आई कधी घराबाहेर पडायची नाही. पण त्यांचा टीव्ही… तो सकाळी दहाला सुरू व्हायचा तो थेट माझ्या मेंदूत. एकदा एका कंपनीच्या बैठकीच्या वृत्तान्तात मी टाइप केलं होतं, 'पुढील वर्षाच्या नियोजनाबाबत अध्यक्ष म्हणाले, मग तू माझ्या आयुष्यात आलासच कशाला.' तो कागद तसाच गेला. तिकडून फोन आला. मग मी तक्रार लिहिली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात लिफ्टवाला उभा. पूर्ण माणूस, धुतलेला शर्ट, हातात एक कागद.

मला वाटलं, हा माझ्यासाठी आला. खोटं कशाला सांगू, मी केससुद्धा मागे केले.

"मी शेजारचा," तो म्हणाला. "आणि तुम्ही… चौथा मजला, पाकीट."

"शेजारचा?"

"शेजारचा. आईच्या टीव्हीची कोणीतरी तक्रार केलीय. मॅनेजरांची नोटीस आली." त्याने कागद पुढे केला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकरा वाजता मॅनेजर स्वतः येऊन तपासणार होते. आवाज तोवर कमी झाला नसेल तर घर सोडायचं. "आपली भिंत एकच आहे. तुम्हालाही त्रास होत असेल ना? खरं सांगा, मला राग येणार नाही."

खरं सांगायची हीच वेळ होती. तो समोर उभा होता, सरळ विचारत होता. आणि मी, जगातल्या सगळ्यांना सगळं तोंडावर सांगणारी मी, म्हटलं, "छे हो. मला तर काही ऐकूच येत नाही."

आतून आत्याला एकदम खोकला आला.

"मग बरं," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे जरा खाली आले. त्याने सगळं सांगितलं. आईचे कान हळूहळू गेले. कानातलं यंत्र तिला सहन होत नाही, भांडं पडलं तरी डोक्यात घण बसतो म्हणते. तो दिवसभर बाहेर. टीव्हीतली माणसं हीच तिची सोबत. घर गेलं तर ती दुसऱ्या गावाला ताईकडे जाईल आणि तो कुठेतरी खोली घेऊन राहील. "तिला ताईकडे जायचं नाहीये," तो म्हणाला. "पण म्हणणार नाही ती तसं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी बघते काय करता येतं ते," मी म्हटलं. "आवाज हेच माझं काम आहे."

"हेच तुमचं काम आहे," तो म्हणाला, आणि ह्या वेळी मला त्याच्या परत बोलण्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या पलीकडे गेले. त्याची आई — मी त्यांना काकू म्हणू लागले — खोलीच्या ह्या टोकाला खुर्चीत, टीव्ही त्या टोकाला, माझ्याच भिंतीवर ठोकलेला. पातळ, देखणा. मी मागून हात घालून पाहिलं तर स्पीकरची भोकं मागच्या बाजूला. सगळा आवाज आधी भिंतीवर आपटणार आणि उरलासुरला खोलीत येणार. म्हणजे मालिका काकू बघत होत्या आणि ऐकत मी होते.

"आवाज मोठा करून काही होणार नाही," मी त्याला सांगितलं. "तो टीव्हीतून बाहेर काढून त्यांच्या जवळ आणायला हवा. मी दिवसभर हेडफोनवर असते, मला एवढासा आवाज पुरतो. कानाशी असतो म्हणून."

आत्या चाळीस वर्षं नाच शिकवत होती. तिच्या वर्गातला ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आमच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळून पडले होते. ते मी मागितले तेव्हा ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तक्रार मागे घेणं सोपं नव्हतं का?" मी स्पीकरांवरची फडकी सोडायला घेतली.

ॲम्प्लिफायरच्या मागे लाल आणि पांढरी अशी गोल भोकं. टीव्हीला तसलं एकही भोक नाही. त्याला एका कोपऱ्यात चौकोनी, झडप असलेलं इवलंसं तोंड होतं, ऑप्टिकल. दुकानदाराने समजावलं की ह्यातून आवाज उजेड होऊन निघतो, मध्ये एक डबी लावायची, ती उजेडाचा परत आवाज करून लाल-पांढऱ्या वायरीत सोडते. आम्ही डबी आणली, वायर आणली. लिफ्टवाल्याने वायरीचं एक टोक टीव्हीत बसवलं आणि दुसरं टोक आपल्या तळहातावर धरलं. तळहातावर तांबडा ठिपका उमटला.

"हा आवाज?" तो हळूच म्हणाला.

"हा आवाज."

त्याने टोक माझ्या तळहातावर वळवलं. ठिपका माझ्या हातावर आला. आम्ही दोघं वाकून त्याकडे बघत राहिलो… जरुरीपेक्षा जास्तच वेळ.

सगळं जोडलं आणि काहीही ऐकू आलं नाही. अर्धा तास मी घाम गाळला. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' असा पर्याय सापडला. टीव्ही आवाजाची घट्ट गाठोडी बांधून पाठवत होता आणि बिचाऱ्या डबीला ती सोडता येत नव्हती. तो पर्याय निवडला, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद केले. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना स्टुलांवर दोन स्पीकर, काकूंच्या कानाच्या उंचीला. आवाजाचं गोल बटण त्यांच्या हाताशी.

पडद्यावर एक बाई बोलत होती. काकू ऐकत राहिल्या. रिमोट धरलेला त्यांचा हात हळूहळू मांडीवर आला.

"ही एवढी हळू बोलते?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं भांडतेय."

लिफ्टवाला खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. मी वायरी आवरायच्या निमित्ताने खाली बसले. माझेही डोळे भरले होते आणि ते मला त्याला दाखवायचे नव्हते.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी जाऊ लागले. कारण होतं. आता रिमोटने आवाज बदलत नव्हता, गोल बटण फिरवावं लागत होतं, आणि ते काकूंना शिकवायचं होतं. खरं म्हणजे त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तरी सहा दिवस शिकवलं.

"आज काय राहिलंय शिकवायचं?" सातव्या दिवशी दार उघडत तो म्हणाला. बाहेर भुरभुर पाऊस होता, तो नुकताच आला होता, केसांवर पाणी होतं.

"उजवा स्पीकर जरा वळवायचाय."

"काल डावा वळवला."

"म्हणूनच तर उजवा."

"म्हणूनच तर उजवा," तो म्हणाला. "आणि उद्या?"

"उद्या… बघू."

तो हसला आणि चहा ठेवायला आत गेला. मी काकूंकडे पाहिलं. त्या टीव्हीकडे बघत होत्या, पण गालात हसत होत्या. असे दिवस चालले होते. रोज घरी परतताना मी ठरवायचे, उद्या त्याला पाकिटाचं सांगून टाकायचं. आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस… एक दिवस त्याने माझ्याकडे असंच बघावं, मग सांगू.

रविवार उजाडला. साडेदहाला भिंतीतून असा आवाज फुटला की माझ्या टेबलावरचा कप थरथरला. मी तशीच पळाले.

"काहीच ऐकू येईना," काकू रडकुंडीला आल्या होत्या. "मी काहीतरी बटणं दाबली." त्यांनी टीव्हीचे स्पीकर परत चालू करून आवाज टोकाला नेला होता. लिफ्टवाला गोंधळून ॲम्प्लिफायरपाशी बसला होता. "काल तर चालू होतं. मी फक्त वायर नीट बसवली."

नीट म्हणजे काय ते मी पाहिलं. लिफ्टच्या बोगद्यात बसवतात तशी त्याने ती ऑप्टिकल वायर भिंतीच्या कडेने ताणून, दर वीतभर अंतरावर क्लिप ठोकून, दाराच्या चौकटीला दोनदा काटकोनात वळवून नेली होती. बघणाऱ्याने वाहवा करावी असं काम. फक्त उजेड असा काटकोनात वळत नाही.

"ही विजेची वायर नाहीये," मी ओरडले. "हिला मोडायचं नसतं."

मी टोक काढून हातावर धरलं. ठिपका जेमतेम. क्लिपा उपटायला पक्कड शोधायलाही वेळ नव्हता, नखांनी उपटल्या. वायर मोकळी करून खोलीच्या मध्यातून मोठ्या ढिल्या वळणाने नेली, परत लावली, टीव्हीचे स्पीकर बंद केले. काकूंच्या कानाशी कोणीतरी बोलू लागलं आणि बाकी घर शांत झालं. अकराला पाच कमी होते. लिफ्टवाल्याने माझा हात हातात घेतला, तुटलेलं नख पाहिलं. "लागलं," तो म्हणाला. तो हात सोडायच्या आत बेल वाजली.

मॅनेजर भला माणूस होता. ते काकूंच्या घरी बसले, मग आमच्याकडे आले, माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी भिंतीला कान लावला. लिफ्टवाला आणि मी मागे श्वास धरून उभे.

"काही नाही," ते म्हणाले. "एकदम शांत." मग माझ्याकडे वळून हसले. "काय मॅडम, झालं ना समाधान? केवढी दोन पानी तक्रार लिहिली होती तुम्ही."

मला वाटलं जमीन दुभंगावी. मॅनेजर गेल्यावर लिफ्टवाला म्हणाला, "ते पाकीट?"

मी मान हलवली.

"मीच टाकलं ते. हात पुसून." तो हसला, पण ते हसणं मला बघवेना. "तक्रारीचं काही नाही हो. आवाज होताच. पण मी तुम्हाला विचारलं होतं. सरळ दारात येऊन विचारलं होतं."

"मी सांगणार होते—"

"चहासाठी थांबत नाही," तो आत्याला म्हणाला, आणि गेला.

चार दिवसांनी कळलं की त्याने दुसऱ्या शहरातलं एका उंच इमारतीचं काम घेतलंय. तीन महिने. पूर्वी आईला एकटं सोडता येत नाही म्हणून नाही म्हणत होता, आता ती एकटी राहू शकत होती. म्हणजे तीही सोय मीच करून दिली होती. जाताना तो आत्याला सांगून गेला, "रोज संध्याकाळी सातला आईला फोन करेन. कोणी तेवढं बघितलं तर बरं." 'कोणी' म्हणाला तो. माझ्याकडे न बघता.

भिंत शांत झाली. जे मी दोन पानं भरून मागितलं होतं ते सगळं मिळालं. मी हेडफोन काढून त्या भिंतीकडे बघत बसायचे. कामात चुका होऊ लागल्या. ऐकलेली वाक्यं मी दोनदा टाइप करू लागले.

सातचा फोन घ्यायला आत्याऐवजी मी जाऊ लागले. काकूंच्या त्या जुन्या बटणांच्या फोनवर त्यांना ओ की ठो कळायचं नाही. मग फोन मी धरायचे.

"हॅलो," मी म्हणायचे.

पलीकडून मग, "…आई जेवली का विचारा."

"जेवलात का, विचारतायत," मी काकूंना ओरडून सांगायचे. "हो म्हणतात. तुम्ही जेवलात का विचारतात."

"हो सांगा."

एवढंच. काकू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असायच्या, त्यामुळे माझं मला काही बोलता यायचं नाही. एकदा मी मध्येच हळू म्हटलं, "माझं चुकलं." तिकडे इतका वेळ शांतता की मला त्याचा श्वास ऐकू आला. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "काय म्हणतो?" आणि तो म्हणाला, "आईला सांगा, थंडी आहे इकडे." मी सांगितलं. पण तो दोन मिनिटांचा आवाज मला दिवसभर पुरायचा. तो थकलेला आहे, सर्दी झालीय, आज जिना चढून आलाय, सगळं मला कळायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकून पोट भरणारी मी, मला त्या एका आवाजाची अशी भूक लागली होती की साडेसहापासून माझं घड्याळाकडे लक्ष.

आणि एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. ती मी कोणाला सांगितली नव्हती. ॲम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढऱ्या भोकांची आणखी एक जोडी रिकामी होती. माझ्या टेबलावर अशी एक वायर होती जिचं एक टोक फोनच्या गोल भोकात बसतं आणि दुसरी दोन टोकं त्या जोडीत. ती लावली असती तर काकूंना मुलाचा आवाज थेट त्या दोन स्पीकरांतून ऐकू आला असता. मध्ये मी लागलेच नसते. म्हणून मी ती लावली नाही. पाच आठवडे नाही. इतकी मी आपमतलबी आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग एक दिवस फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "तुला त्याचा आवाज कसा वाटतो गं?"

"म्हणजे?"

"तीन वर्षं झाली. माझ्याशी तो ओरडून बोलतो ना, मला ऐकू यावं म्हणून. तो काही त्याचा आवाज नव्हे. साधं बोलतो तेव्हा कसा लागतो, ते विसरलेच मी."

मी घरी गेले आणि हेडफोनच्या शेजारची ती वायर काढून पिशवीत ठेवली. आत्याने बघितलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी सगळं जोडलं. लाल लालमध्ये, पांढरं पांढऱ्यात, गोल टोक फोनमध्ये. टीव्ही बंद केला. काकूंना म्हटलं, "आज तुम्ही स्वतः ऐकायचं. मी फक्त हॅलो म्हणून हा इथे ठेवणार आणि घरी जाणार." त्यांनी नुसती मान हलवली. पदराशी चाळा करत बसल्या. सात वाजले. फोन वाजला. मी बटण दाबलं.

"हॅलो—"

"आज आईला काही सांगू नका," तो म्हणाला.

दोन्ही स्पीकरांतून म्हणाला. खोली भरून. त्याचा साधा, खालच्या पट्टीतला आवाज. काकूंनी खुर्चीचे हात गच्च धरले.

"अहो, ऐका, हा फोन—"

"नाही. आज तुम्ही ऐका. पाच आठवडे पाठ करतोय, मध्ये बोललात तर विसरेन." मी काकूंकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे इतके मोठे झाले होते त्यांचे… मी गप्प बसले.

"मला तक्रारीचा राग नव्हता," तो म्हणाला. "मी विचारलं आणि तुम्ही खोटं सांगितलंत, त्याचा होता. तो राग पहिल्या आठवड्यातच संपला. पण तोवर मी इकडे आलो होतो, आणि आता काय तोंडाने सांगायचं. इथे दिवसभर बोगद्यात असतो. वरून जोडीदार काही सांगतो, मी परत म्हणतो, आणि मनात चाललेलं असतं की सात वाजले का. आईसाठी फोन करतो असं सगळ्यांना सांगतो. करतोच आईसाठी. पण 'हॅलो' तुम्ही म्हणता. त्या एका हॅलोवर माझा दुसरा दिवस निघतो." तो थांबला. "तुम्ही मला फार आवडता. आता ह्यातलं आईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

काकू रडत होत्या. हाताने मला खुणावत होत्या, बोल, बोल. आणि माझी बोलती बंद. जिन्यातल्या दिव्यावर दोन पानं लिहिणारी मी.

"मी घाबरले होते," शेवटी म्हटलं. "खरं सांगितलं तर तुम्ही परत आमच्या दारात येणार नाही, म्हणून खोटं बोलले. तेव्हाच. पहिल्याच दिवशी. आणि… काकूंना काही सांगावं लागणार नाही."

"का?"

"त्या ऐकतायत. तुमचा आवाज मी स्पीकरला जोडलाय."

पलीकडून मग अगदी बारीक, "…कुठपासून?"

"पहिल्या शब्दापासून."

काकू पुढे वाकल्या. फोन माझ्या हातात होता, पण त्या बोलल्या उजव्या स्पीकरशी, अगदी त्याच्याजवळ तोंड नेऊन, जणू तो त्या लाकडी खोक्यातच बसलाय. "आवाज किती बारीक झालाय रे तुझा. काही खातोस की नाही?"

"आई," तो म्हणाला. मग ओरडायला लागला, "आई, तुला ऐकू—"

"ओरडू नकोस. येतंय मला ऐकू," काकू म्हणाल्या. "आणि हिला अहो-जाहो काय लावलंयस? इथे डोळ्यांना धार लागलीय हिच्या."

"रडतेय?" तो म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच, चाचरत — "का रडतेयस?"

"तू विचारतोयस म्हणून," मी म्हटलं. "कधी येतोयस?"

"शनिवारी सुट्टी मागतो. शनिवारी येतो."

त्या दिवशी सोमवार होता. "शनिवार फार लांब आहे," मी म्हटलं. काकूंच्या समोर, जराही न लाजता.